सुजाताची ताटं

फोन आला तेव्हा मी मोहाडीच्या बाजारात वांगी घेत होते. भाजीवालीने पातळ पिशवी झटकून उघडली होती आणि मी सवयीने "पिशवी नको बाई, यातच टाका" म्हणत हातातली थैली पुढे केली होती. तेवढ्यात विलासभाऊंचा फोन. सुजाताचे यजमान आपणहून कधी फोन करत नाहीत. "मंदावहिनी, कुठं आहा?" मी म्हटलं, बाजारात.  ते म्हणाले, "गेली वो ते... सकाळी चहा मांगला, अन् मी घेऊन येतो तं..."  मी काय उत्तर दिलं, पैसे दिले की नाही, कोणत्या ऑटोत बसले, काही आठवत नाही. घरी पोचले तेव्हा माझ्या एका हातात रिकामी थैली होती आणि दुसऱ्या हातात वांग्यांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी. ती ओट्यावर टाकून मी तशीच त्यांच्या घरी धावले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात लक्ष गेलं, तर पिशवी आतून घामेजली होती आणि वांगी सडून काळी पडली होती.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी सुजातावर लिहा, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं लिहायचं असतं, शेवटी काहीतरी उमेदीचं लिहायचं असतं. माझ्यापाशी उमेदीचं काही नाही. पण तिच्याबद्दल गेल्या काही दिवसांत जे बोललं गेलं, ते ऐकून वाटलं की निदान ती जशी होती तशी कुठेतरी लिहिली जावी.

आमचं गाव मोहाडी तालुक्यातलं. एका अंगाला तलाव आणि उरलेल्या तिन्ही अंगांना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. सुजाता या गावात लग्न होऊन आली आणि पुढे गावच्या पोस्टाची पोस्टमास्तर झाली. तिचं माहेर पवनीच्या बाजूचं, वैनगंगेच्या काठावरचं. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, वडील शाळेत शिक्षक झाले आणि मुलीने नोकरी केलीच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. विलासभाऊ एसटीत कंडक्टर. त्यांचं घर आमच्यापासून दोन घरं सोडून. नवीन आली होती तेव्हा एके दिवशी दारात उभी राहिली. हातात टोपलं, टोपल्यात दुधी भोपळ्याची सालं, कोबीची पानं, केळ्याची सालं. म्हणाली, "ताई, तुमच्या गाईले हे चालते का? फेकाले जिवावर येते." माझ्या घरी तिने पहिल्यांदा आणलेली वस्तू म्हणजे ही सालं. पुढे मैत्री झाल्यावर आम्ही यावर खूप हसायचो. लोक शेजारणीकडे खीर घेऊन जातात, ही कचरा घेऊन आली होती.

तिच्या घरात गेलं की काही वेगळं आहे हे आधी लक्षात यायचं नाही. मग हळूहळू यायचं. तेल घाणीवरून, स्वतःच्या डब्यात. कोंबडीचं मटण आणायलाही स्टीलचा डबा, त्यावरून दुकानदार पहिल्यांदा पोट धरून हसला होता. जुन्या सुती साड्यांच्या थैल्या, अंगणात माठ, भांडी घासायला राख आणि नारळाची शेंडी. नवीन काही घ्यायचं झालं की ती त्या वस्तूला हातात धरून उलटीपालटी करायची आणि विचारायची, "हे मोडल्यावर कुठं जाईल?"  तिला 'पर्यावरण' हा शब्द मात्र आवडायचा नाही. "तो भाषणातला शब्द आहे वो मंदा," असं म्हणायची. "मले तलाव आवडते. पाखरं आवडतात. आवडते त्याच्या अंगावर कोणी घाण टाकते का? बस्, एवढंच."

एकदा माझ्या नणंदेने तिला तोंडावरच म्हटलं, की ही तर गरिबाघरची सवय, आता पगार आहे तर मोकळ्या हाताने राहावं. सुजाता रागावली नाही. म्हणाली, "माह्या माहेरी गरिबी होती म्हणून आम्ही काही फेकत नव्हतो. आता पगार आहे अन् फेकता येते, तरी मी फेकत नाही. दिसाले दोन्ही सारखं दिसते ताई... पण सारखं नाही."

रविवारी पहाटे आम्ही दोघी तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, चालायला जायचो. त्या काळी आमच्या तलावात कमळं होती. पाण्यात शेवाळ, काठाला गवत, गवतात टिटवीची घरटी. हिवाळ्यात बदकं उतरत, एवढी की दूरवरून पाण्यावर कोणीतरी काळे तीळ सांडल्यासारखं दिसायचं. कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी तुरुतुरु चालणारा एक पक्षी होता, तो दिसला की सुजाता माझा हात घट्ट दाबायची.  पक्ष्यांची नावं पाठ करण्याचा तिला नाद नव्हता. नुसतं बघत बसायची. लहानपणी पवनीकडे धानाच्या बांधीत तिने सारसाची जोडी पाहिली होती, माणसाएवढी उंच. तिची आई म्हणाली होती, "हालू नको." आणि ती हलली नव्हती. "तेव्हापासून मी कुठंही पाखरू पाहिलं का तशीच उभी राहतो," ती सांगायची. सारस तिला पुन्हा कधी दिसला नाही.

आंबागडच्या किल्ल्यावर आम्हा दोघींची कुटुंबं मिळून एकदा गेलो होतो. पळस फुललेला, मोहाचा वास दरवळत होता. किल्ल्याच्या वाटेवर चिप्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या. सुजाताने पदर खोचला आणि चढता चढता एकेक उचलून थैलीत टाकायला लागली. आम्हीही मग लागलो. वर एक कुटुंब जेवायला बसलं होतं. नागपूरकडचं असावं, कपडे चांगले, माणसं सभ्य. त्यातल्या गृहस्थाने सुजाताला हाक मारली, "ओ बाई, इधर का भी ले जाओ," आणि उष्ट्या प्लेटा पुढे सरकवल्या. मी तिच्यापासून दहा पावलांवर होते. माझ्याही हातात तशीच थैली होती. त्याने मला हाक मारली नाही. सुजाताने क्षणभर त्या माणसाकडे पाहिलं, मग प्लेटा उचलल्या, थैलीत टाकल्या आणि म्हणाली, "मी पोस्टमास्तर आहो साहेब. हे माझं काम नाही, तुमचं आहे." तो ओशाळला, सॉरी मॅडम वगैरे म्हणाला. ती पुढे गेली. बुरुजाच्या मागे मी तिला गाठलं तेव्हा ती पाठ करून बसली होती आणि खांदे हलत होते. "पाह्य मंदा," ती म्हणाली, "तू कचरा उचलला तं लोक म्हणतील समाजसेविका. मी उचलला तं म्हणतात सफाईवाली आली. मी उचलू का नको, सांग?"  उतरताना ती पुन्हा उचलत होती... पण त्या दिवसानंतर तिने आंबागडचं नाव काढलं नाही.

ताटांची गोष्ट त्यानंतरची. गावात लग्नं, बारशी, विहारातली भोजनदानं, सगळीकडे थर्माकोलच्या प्लेटा आल्या होत्या. जेवणं झाली की त्यांचे ढीग तलावाच्या कडेला पडायचे आणि वाऱ्याने पाण्यावर जायचे. सकाळी आम्ही चालायला जावं तर कमळाच्या पानांत पांढऱ्या प्लेटा. मी तिला सहज म्हटलं, आपल्याकडे पळस एवढा आहे, पूर्वीसारख्या पत्रावळी का नको?  तेव्हा तिने तिच्या सासूची गोष्ट सांगितली. गावातल्या मोठ्या घरच्या लग्नात त्यांच्या लोकांना मांडवाबाहेर बसवत आणि दुरून पानावर वाढत, कारण घरची ताटं त्यांना द्यायची नसत. ज्या दिवशी घरात पहिलं पितळेचं ताट आलं, भंडाऱ्याहून, त्या दिवशी सासूने ते मांडीवर घेऊन नुसतं पुसलं होतं. "माह्या सासूले मी कोणत्या तोंडानं सांगू का पानावर जेवा, निसर्गाले चांगलं आहे?" सुजाता म्हणाली. "तुमच्यासाठी पत्रावळ म्हणजे गंमत आहे. आमच्यासाठी नाही."

म्हणून तिने ताटं घेतली. भिशी लागली त्या वर्षी शंभर-सव्वाशे स्टीलची ताटं, वाट्या, पेले. विलासभाऊ डोक्याला हात लावून बसले. ताटांवर नाव टाका, असं सगळे सांगत होते, नाहीतर हरवतील. तिने टाकलं नाही. "नाव कायले? ज्याच्या घरी कार्य, त्याची ताटं." गावात कोणीही मागावीत, कोणत्याही मोहल्ल्यातल्या माणसाने, फुकट न्यावीत, घासून आणून द्यावीत. पहिल्यांदा ताटं विहारात वापरली गेली तेव्हा तिची सासू पहिल्या पंगतीला बसली होती. मग एका बारशाला आमच्या घरी. माझ्या सासूबाई जरा घुटमळल्या, ताटाकडे बघत राहिल्या आणि मग जेवल्या. सुजाता दारातून हे बघत होती. मला वाटतं त्या दिवशी तिला ताटं घेतल्याचं सार्थक वाटलं असावं. दोन-तीन वर्षं ती ताटं गावभर फिरली. जेवणं झाली की बाया विहिरीवर गोलात बसून घासायच्या. हसणं, थट्टा, एकमेकींच्या अंगावर पाणी. सुजाता पोस्टातून सुटून तिथे यायची आणि बाही वर करून बसायची.

मग हळूहळू मागणं कमी झालं. कुणी वाईट वागलं नाही. फक्त केटरिंगवाले आले, ते प्लेटांसकट जेवण देऊ लागले. बाया म्हणू लागल्या, कार्याच्या दिवशी तरी भांडी नको बाई. त्यांचंही खरं होतं, घासायला पुरुष कधी बसलेच नव्हते. सुजाताने विलासभाऊंना बसवलं होतं एकदा, त्याची चेष्टा वर्षभर झाली. शेवटी ताटं पोत्यांत भरून माळ्यावर गेली. तिने तक्रार केली नाही. एवढंच म्हणाली, "लोकायले दोष नाही देत मी. पण मंदा, ढीग पाहिला का मले वाटते, आपण कोणासाठी करून राहिलो हे?"

तलावाचं नंतर झालं. वरून निधी आला, सुशोभीकरणाचा. एके दिवशी पारीवर यंत्रं उभी राहिली. गाळ काढण्याच्या नावाखाली कमळं गेली, गवत गेलं, पारीवरची जुनी झाडं गेली. काठ दगडाने बांधून काढले, वर फरशी, बाकं, रंगीत दिवे, पोरांसाठी घसरगुंडी. सुजाता तिथे जाऊन बोलली. एकटी नाही, मीही होते, अजून दोन-चार बाया होत्या. तिने एवढंच मागितलं, की एक कोपरा तरी तसाच राहू द्या, गवताचा, पाखरांसाठी. काम पाहणारे गृहस्थ भले होते, चहाही पाजला. म्हणाले, "मॅडम, तुमाले गावाचा विकास नको आहे का?"  तिच्या स्वतःच्या मोहल्ल्यातले लोक खूश होते. संध्याकाळी पोरं खेळत होती, म्हातारी माणसं बाकांवर बसत होती, ज्यांना आयुष्यभर बसायला जागा नव्हती तीही बसत होती. "मी याच्यावर रागावू कशी?" ती मला म्हणाली. "सारे हसून राहिले. मीच एकटी रडून राहिली."

त्या हिवाळ्यात बदकं आली नाहीत. आकाशातून एक थवा आला, तलावावर दोन फेऱ्या मारल्या आणि निघून गेला. आम्ही फरशीवर उभ्या होतो. सुजाता थवा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. त्यानंतर रविवारी मी हाक मारायला गेले की ती काहीतरी काम सांगायची. मग एकदा सरळ म्हणाली, "मले तिकडे नको नेऊ वो."

आजार कधी सुरू झाला, सांगता येत नाही. पाय सुजायचे, ती म्हणायची उभं राहून काम केल्याने होते. कळलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. भंडाऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी बऱ्याचदा सोबत जायचे. पहिल्या दिवशी तिला यंत्राजवळ झोपवलं आणि सिस्टरने एकामागून एक पाकिटं फाडली. नळ्या, सुया, हातमोजे, पिशव्या, बाटल्या, सगळं प्लास्टिकच्या वेष्टनात. चार तासांनी ते सगळं एका मोठ्या पिशवीत गेलं आणि पिशवी गच्च भरली. सुजाता तिकडे टक लावून बघत होती. "सिस्टर, हे सारं कुठं जाते?" सिस्टर म्हणाली, "जळते मावशी, भट्टीत." परतताना बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकवून बसली होती. तशीच म्हणाली, "आयुष्यभर दुकानदारायले नको नको म्हटलं. आता एका दिवसात तेवढं सारं माह्या अंगातून चाललं... मी जगून राहिली का कचरा करून राहिली?"

तिची मुलगी प्रणाली पुण्याहून आली होती. तिच्या कानावर हे गेलं आणि ती संतापली. "आई, तुझ्या जिवापेक्षा पिशवी मोठी आहे का?" असं ओरडली आणि मग स्वतःच रडायला लागली. सुजाताने तिला जवळ घेतलं. तिच्या मरणानंतर गावात काहींनी अशी कुजबुज केली, की तिला त्या प्लास्टिकचा राग होता, तिनेच उपचार मनावर घेतले नाहीत. हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे लिहावं म्हणूनही मी लिहायला बसले. ती एकही फेरी चुकली नाही. उलट्या होत, पायांत गोळे येत, तरी सकाळी साडी नेसून तयार असायची. तिला जगायचं होतं. फक्त जगण्याची जी किंमत आपल्यामुळे दुसरं कुणीतरी देतंय असं तिला वाटायचं, ती तिला विसरता येत नव्हती, आणि विसरल्याचं नाटकही तिला येत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात तिने आपणहून विचारलं, "मंदा, कुठल्या तलावावर अजून पाखरं येतात का?" मी चौकशी केली. जंगलाच्या कडेला एक जुना तलाव होता, रस्ता खराब म्हणून अजून कुणाचं लक्ष न गेलेला. विलासभाऊंनी ओळखीची गाडी बोलावली. पारीवर सतरंजी टाकून तिला बसवलं, अंगावर शाल. आणि पाखरं होती. पाण्यावर नुसता कलकलाट होता. कमळाच्या पानांवरून ते लांब बोटांचं पाखरू चाललं होतं, मागे त्याची पिल्लं. सुजाताने माझा हात धरला. तिच्या हातात आता जोर नव्हता. विलासभाऊ डब्यातून भाकर आणि वांग्याची भाजी काढत होते. तिला फार खायची मुभा नव्हती, दोन घास तिने चवीने खाल्ले.  मला वाटलं, चला, आजचा एक दिवस तरी तिला मिळाला.

उन्हं कलायला लागली तेव्हा ती म्हणाली, "मले पहिले मरणाची भीती नव्हती वाटत." विलासभाऊ म्हणाले, "कायले तसं बोलते वो?" ती पाण्याकडेच बघत होती. "खरंच नव्हती. वाटे, मी गेली तरी हे सारं राहील. तलाव राहील, पाखरं येत राहतील, पळस फुलत राहील. मी नसली तं काय झालं. आता तसं नाही वाटत... आता वाटते हे माह्या आधीच जाऊन राहिलं. मग मी मागं काय सोडून जाऊ?" मी म्हटलं, असं नको म्हणू, हे बघ ना, इथे आहे की सगळं. तिने मान हलवली, मला बरं वाटावं म्हणून. गाडीत बसताना तिने मागे वळून पाहिलं नाही. आम्ही त्यानंतर तिकडे जाऊ शकलो नाही. तिच्या नाकाला नळी लागली, मग घरातल्या घरात चालणं बंद झालं आणि मग ती सकाळ आली, जेव्हा चहा येईपर्यंतही ती थांबली नाही.

पुण्यानुमोदनाचा, तिच्या शोकसभेचा आणि जेवणाचा, कार्यक्रम विहारात ठरला. सगळी धावपळ तिच्या धाकट्या दिरांनी केली, मनापासून केली. आदल्या दिवशी मी गेले तेव्हा दारात प्लेटांची खोकी उतरत होती, पाण्याच्या लहान बाटल्यांचे गठ्ठे उतरत होते. मी प्रणालीला आत घेऊन म्हटलं, अगं, माळ्यावर ताटं आहेत आईची. निदान एक पंगत तरी... प्रणालीचे डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, "मावशी, कोण घासेल? मी घासू? तुम्ही एकट्या घासाल? चारशे-पाचशे माणसं येतील." मग तिचा आवाज फुटला. "मला आयुष्यभर आईने भांडी घासायला लावली. उद्या नको. उद्या मला फक्त रडू द्या." मी तिला पोटाशी धरलं. ती चुकत नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. तरी पोत्यातल्या ताटांचा विचार माझ्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी लोक खूप आले. ती किती लोकांची होती हे त्या दिवशी कळलं. ज्यांची टपालं तिने वाचून दाखवली होती त्या म्हाताऱ्या आल्या, दुसऱ्या मोहल्ल्यातल्या बाया आल्या, त्यांतल्या काही पहिल्यांदाच विहाराची पायरी चढल्या. वंदना झाली, मग भाषणं. एका वक्त्याने तिला 'पर्यावरणाची सच्ची लेक' म्हटलं. बोलता बोलता त्यांचा घसा सुकला, त्यांनी बाटलीचं झाकण फोडलं, दोन घोट घेतले, बाटली टेबलाखाली ठेवली आणि पुढे बोलू लागले. माझ्या शेजारी विलासभाऊ होते. त्यांनी त्या बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्हा दोघांनाही हसू आलं नाही. सुजाताला आलं असतं.

जेवणं झाली. विहाराच्या मागे ढीग पडला. संध्याकाळी वारा सुटला तसा तो पसरला, काही प्लेटा बांध्यांत गेल्या, काही तलावाकडे. आता तलावाला गवत नाही, त्यामुळे अडकायलाही काही नव्हतं, त्या सरळ पाण्यावर जाऊन तरंगायला लागल्या. दुसऱ्या दिवशी उरलेला ढीग पेटवला. तो धूर दुपारभर आमच्या गल्लीत रेंगाळत होता. मी दारं लावून घेतली, तरी वास आत येतच राहिला. ओट्याशी बसून माझ्या मनात एकच हिशेब चालला होता, आणि तो मला कशानेही थांबवता येत नव्हता. एका बाईने सबंध आयुष्यात जेवढ्या पिशव्या नाकारल्या, जेवढी पाकिटं गडावरून उचलून आणली, जेवढी ताटं घासली, ते सगळं तिच्याच नावाच्या एका जेवणात फिटलं. उरलं काय?

मला सांगणारे सांगतात, तिने संस्कार दिले, बीज पेरलं. असेल. मला ते रोप कुठे दिसत नाही. बाजारात मी अजून थैली नेते, पण ती नेताना पूर्वी जे वाटायचं ते आता वाटत नाही. पूर्वी वाटायचं की आम्ही दोघी आहोत. आता थैली पुढे केली की भाजीवाली घाई असल्यासारखी बघते आणि मलाही कळत नाही की मी हे कुणासाठी करते आहे. तरी करते. सुटत नाही म्हणून करते. याला आशा म्हणायचं असेल तर म्हणा, मला तसं वाटत नाही.

परवा संध्याकाळी विलासभाऊंकडे डबा घेऊन गेले. प्रणाली पुण्याला परतली, ते एकटेच असतात. दार उघडंच होतं. ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते आणि खोलीत अंधारून आलं होतं. मी सवयीने बटणाकडे हात नेला, तर ते म्हणाले, "राहू द्या वहिनी. अजून उजेड आहे." मी थांबले. हे वाक्य त्यांचं नव्हतं. दिवेलागणीला कुणी दिवा लावायला उठलं की सुजाता हेच म्हणायची. हातातल्या टपालावरचं अक्षर दिसेनासं होईपर्यंत ती दिवा लावू द्यायची नाही. या एका गोष्टीवरून दोघांचं लग्न झाल्यापासून रोज भांडण व्हायचं. विलासभाऊ वैतागून म्हणायचे, "डोळे फोडशील माहे!" आणि उठून दिवा लावायचे, ती उठून बंद करायची.

मी समोरच्या पलंगावर बसले. बाहेर गाई परत येत होत्या, कुठेतरी कुकरची शिटी झाली. भिंतीवरचं कॅलेंडर दिसेनासं झालं, मग तिचा फोटो, मग विलासभाऊंचा चेहरा. खोलीत पुरता काळोख झाला. कुणीतरी उठून दिवा लावायला हवा होता. आम्ही दोघंही बसून राहिलो.